झाकणावरच्या पाकळ्या

आमचे भावजी नाकासमोर चालणारे, असं लोक कौतुकाने म्हणतात. मी म्हणते, नाकाखाली बघत चालणारे. सव्वीस वर्षं ते पाण्याचे मीटर वाचतात. दर महिन्याला अंगणात शिरायचं, जमिनीतलं लोखंडी झाकण ब्रशने झाडायचं, आकड्याने उचलायचं, वाकून रीडिंग घ्यायचं आणि पुढचं दार गाठायचं. कचेरीत त्यांचं नाव झाकणराव. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघतात आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा.

माझी थोरली बहीण त्यांची बायको. गेल्या वर्षी बहराच्या दिवसांत, मोठ्या बागेत फुलं बघायला लोटलेल्या गर्दीत ती पडली. सगळ्यांच्या माना वर, मोबाइल वर. खाली कोण पडलंय हे कुणी बघेना. मनगटाचं हाड दीड महिन्यात जुळलं, भीती मात्र गेली नाही. चार माणसं एकत्र दिसली की तिची छाती धडधडायची. मग तिने जिना उतरणंच सोडलं. अकरा महिने त्याच दोन खोल्या. दूध, भाजी, औषधं मी आणून द्यायची, आणि खोटं कशाला बोलू, कधी कधी मला तिचा रागही यायचा.

त्या दिवशी खिडकीची काच पुसता पुसता ती सहज म्हणाली, "झाडं फुलली असतील ना आता?"

झालं. भावजींनी मला जिन्यात गाठलं. "अगं, तिने स्वतःहून विचारलं. आता नेऊन नीट परत आणली तर पुढेही येईल. आणि परत काही झालं, तर ते दार कायमचं बंद."  

शहरातली निम्मी अंगणं त्यांना पाठ. त्यांतून त्यांनी तीन शांत जागा काढल्या. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे कामावर जाण्याआधी रोज सकाळी पाहणी सुरू. दवाखान्यामागे रस्ता खोदलेला, कान किटतील असा आवाज. वाचनालयामागे झाड सुरेख फुललेलं. पण कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागली. राहिलं मोठ्या लाँड्रीमागचं अंगण. भिंत उंच, फाटकाला कुलूप, रविवारी लाँड्री बंद. किल्ली वॉचमनकडून मिळाली.

"हे आधी बघून यायला नको का?" मी विचारलं.

"ते काय बघायचं? दर वर्षी याच आठवड्यात माझं तिथलं रीडिंग असतं. पाकळ्यांनी झाकण दिसत नाही. दोनदा झाडावं लागतं."

सव्वीस वर्षांचा अनुभव बोलत होता. 

रविवारी आम्ही तिघं निघालो. ताईने भावजींचा दंड असा धरला होता की सदऱ्याच्या बाहीचा चोळामोळा झाला. तिची मान खाली. "पुढे किती माणसं आहेत?"

"दोन. आता एक. आता कुणी नाही." भावजी रीडिंग सांगितल्यासारखे आकडे सांगत होते. बसथांब्यावर सहाजण दिसले तेव्हा त्यांनी आकडा न सांगताच आम्हाला रस्ता ओलांडायला लावला. मी मागून चालत होते.

फाटक उघडलं. आत चिटपाखरू नव्हतं. आणि झाडावर एक फूल नव्हतं. नुसती कोवळी पालवी. फुलं सगळी खाली, तपकिरी पडलेली. झाकण मात्र खरंच दिसत नव्हतं.

सगळं मुसळ केरात! "भावजी, पाकळ्या झाकणावर आल्या म्हणजे झाडावरच्या संपल्या ना!" मी ओरडलेच. "सव्वीस वर्षांत एकदाही मान वर केली नाहीत?"

"वर मीटर नसतो गं," ते म्हणाले.  "चल, घरी जाऊ. माझंच चुकलं. चल."

 ताईचा श्वास जोरात चालला होता. मला वाटलं, ही आता खाली बसते. ती बसलीच, पण झाकणापाशी. हाताने पाकळ्या बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "अहो, जिथे आत्ता झाकण साफ असतं आणि पुढच्या महिन्यात भरतं, असं घर आहे का जवळ?"

भावजींना आठवावं लागलं नाही. "शिंप्याचं. आत्ता स्वच्छ, पुढच्या रीडिंगला पांढरा खच."

"म्हणजे तिथली फुलं आत्ता वर असतील."

"असतील!" भावजी म्हणाले. "पण मध्ये बाजार आहे. रविवारचा."

"किती माणसं असतील?"

"मोजता येणार नाहीत."

ती उठली, भिंतीला हात लावून उभी राहिली.  मी जिभेवर आलेलं "राहू दे" दोनदा गिळलं.

"मग मोजू नका," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

बाजाराच्या तोंडाशी आलो तर समोर नुसती डोकीच डोकी. भावजी सवयीने खाली बघत होते. ताईने त्यांचा दंड सोडला आणि मनगट पकडलं. 

"तुम्ही वर बघत चला, झाड हुकायला नको," ती म्हणाली. "खाली मी बघते."