जैनबबीचा उजवा हात

नेरच्या बाजारात मशिदीकडे वळणाऱ्या बोळाच्या तोंडाशी जैनबबीचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, मागे दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा आणि पुढे गिऱ्हाइकाला बसायला तरटाचा तुकडा. १९५६ च्या हिवाळ्यात आमची नाटक कंपनी नेरला उतरली, तेव्हा मी त्या तरटावर पहिल्यांदा बसलो. मी स्त्री-भूमिका करत असे. माझ्या मापाच्या बांगड्या गावोगाव शोधाव्या लागत.

जैनबबीनं माझा हात उलटा करून पाहिला.

"या बाईसाहेब. हा हात हाय का नांगराचा फाळ?"

शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तोवर तिनं माझा अंगठा तळव्यात दुमडला होता. "जेवण काय केलं आज?" असं विचारलं आणि मी "पिठलं" म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर आली होती. दुखलंसुद्धा नाही.

"हाडाले भ्यायचं नाही, मास्तर. हाड ऐकते. माणूस ऐकत नाही."

त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायिकेचा नवरा जातो आणि ती बांगड्या फोडते. मी मनगटं जमिनीवर आपटत असे. टाळ्या पडत, रक्तही निघे. दुसऱ्या दिवशी चिंधी बांधलेला हात घेऊन मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती खरोखर चिडली. मग तिनं एक गोष्ट शिकवली. काचेच्या प्रत्येक बांगडीला जोड असतो. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. तो जोड वर आणायचा, ओलं फडकं आत सारायचं आणि तिथंच दाबायचं. बांगडी तुटते, कातडीला कळत नाही.

"तुम्हीच एकदा करून दाखवा," मी म्हणालो.

तिनं हात मागे घेतला. "नाही बाप्पा. मी भरते. फोडाचं काम आमच्या धंद्यात कोणी करत नाही."

कंपनी नेरलाच मोडली. बाकीचे आपापल्या वाटेनं गेले, मी राहिलो. शाळेत पोरांना गाणी शिकवायचं काम मिळालं. जैनबबीचं घर आणि माझी खोली एकाच गल्लीत. तिचा नवरा वाहिदभाई सायकली दुरुस्त करी. दिवसभरात दहा शब्द बोलला तर पुष्कळ. बोलायचं काम त्यानं बायकोला देऊन टाकलं होतं.

१९५९ साली तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. सहा महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. सुनेनं, रौशननं, न्हाणीघरात पाहिलं तेव्हा घरात कळलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. त्यानंतर दीड महिना रोज विजेचा शेक. वाहिदभाई तिला सायकलवर मागे बसवून नातेवाइकांच्या घरून दवाखान्यात नेई. शेकानं कातडी काळी पडली, मग सोलली. अन्न गळ्याखाली उतरेना. खांदा वर जाईना.

निघताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. या हाताला बांगडी नको, सुई नको, ओरखडासुद्धा नको. हात सुजेल. सुजला आणि त्यात जखम झाली, तर फार वाईट.

ऑपरेशनच्या आधी काढलेल्या सहा बांगड्या वाहिदभाईच्या रुमालात होत्या. नागपूरच्या बस स्टँडवर जैनबबीनं रुमाल मागून घेतला आणि डाव्या हातानं उजव्या हातात त्या सहाही चढवल्या. तो म्हणाला, "डॉक्टर बोलला ना." ती म्हणाली, "तुम्ही जिवंत हाव ना? उघडं मनगट घेऊन मी पाटावर बसू? कोणती बाई माह्या हातून भरून घेईन?"

त्यानं रिकामा रुमाल घडी करून खिशात ठेवला. 

पहिलं वर्ष बरं गेलं. दर सहा महिन्यांनी नागपूरची फेरी, कधी तपासणी, कधी पुन्हा शेक. परत आली की आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. बोटांची टोकं बधिर झाली. जोड नखाला लागेना, तेव्हा ती बांगडी ओठावर फिरवून जोड शोधू लागली. गिऱ्हाइकाला वाटे, मण्यारीण बांगडीचा मुका घेते. "नवी हाय, पोरीसारखी हाय," ती हसून म्हणायची. नंतर तर डाव्या हातानं भरायला शिकली. पन्नाशीतली बाई, घरी रौशनचा हात घेऊन रोज सराव करत बसायची.

मग हात सुजू लागला. आधी पंजा, मग कोपरापर्यंत. वाहिदभाईनं छताच्या आढ्याला सायकलची जुनी ट्यूब बांधली. दुपारी त्यात हात अडकवून ती पडून राही. सूज थोडी उतरे, संध्याकाळी पुन्हा चढे. १९६१ च्या उन्हाळ्यात बांगड्या मांसात रुतल्या. साबण झाला, तेल झालं. मनगटाच्या खालचा भाग निळा पडला.

आता फोडण्याला पर्याय नव्हता. फोडणार कोण? नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बांगड्या. रौशन रडत बाहेर निघून गेली. शेजारणी दारातूनच परतल्या. वाहिदभाई कानस घेऊन बसला. काचेला लावायचा आणि उचलायचा, शेवटी जैनबबीनंच ती काढून घेतली.

"मास्तरले बलावा," ती म्हणाली.

मी गेलो. ती खाटेवर बसली होती, हात उशीवर.

"तुम्ही किती रात्री फोडल्या, मास्तर. कोणाचा नवरा मेला नाही. तुमच्या हाताले दोष नाही लागत."

"भाभी, ते नाटक होतं."

"मंग आजबी नाटकच समजा. टाळ्या मी वाजवीन. एका हातानं वाजते का पाह्यते."

वाहिदभाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी फडकं ओलं केलं. पाच बांगड्या नीट निघाल्या. प्रत्येकीच्या आवाजाला वाहिदभाईची पाठ हलत होती. सहावीचा जोड मांसाखाली होता. वर येईना. मी दाबलं. बांगडी भलत्याच जागी तुटली आणि गव्हाएवढी जखम झाली. रक्ताचा एक थेंब आला.

मी घाबरलो. दवाखान्यात चला म्हणालो.

"एवढ्याशासाठी? भाजी चिरताना याच्याहून मोठं लागते." तिनं हळद दाबली. मीही ऐकलं. ते ऐकलं नसतं तर, हे मी आजवर स्वतःला विचारत आलो आहे.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मनगटापासून काखेपर्यंत लाल पट्टा चढला. यवतमाळच्या दवाखान्यात अठरा दिवस इंजेक्शनं झाली. जीव वाचला, हात गेला. होता जागेवरच, पण लाकडासारखा टणक, दुप्पट जाड, बोटं न मिटणारी. मी खाटेशी उभा राहून रडलो, तेव्हा तीच मला समजावत होती.

"तुमचा हात नाही चुकला, मास्तर. माहाच चुकला, नागपूरच्या स्टँडावर."

पुढे पाटावर रौशन बसू लागली. जैनबबी बाजूला, दोन्ही हात पदराखाली, कारण एकाच हातात चुडा अशुभ म्हणून डावाही मोकळाच होता. "अंगठा दाब. बोलत राह्य तिच्याशी. गप्प बसशीन तं तिले दुखीन." सून चांगली शिकली. पण पदर कधीतरी सरकायचाच. मग बायका विचारायच्या. ती प्रत्येकीला सांगायची, तब्येतीपायी काढल्या, मालक हायेत, खुशाल हायेत. दिवसातून चारदा, पाचदा.

एका बाजाराच्या दिवशी तांड्यावरची धनीबाई आली. जुनं गिऱ्हाईक, दोन वर्षांनी दिसली. तिनं ती उघडी मनगटं पाहिली आणि ती तरटावरच बसली.

"कवा गेला वो मालक?"

  त्या दिवशी जैनबबीत सांगण्याचं बळ नव्हतं. धनीबाईनं डोळे पुसले, ओंजळभर बोरं तिच्या ओटीत घातली, खांद्यावर हात ठेवला आणि गेली. मागे वाहिदभाई चहाचे कप घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कप पाटावर ठेवले आणि तो परत गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सायकलचं दुकान बंद. वाहिदभाई धुतलेला सदरा घालून बायकोच्या शेजारी येऊन बसला. बायकांना संकोच नको म्हणून त्यांच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

"अजी, उठा ना. लोक हासून राह्यले. मर्द माणूस बांगड्याच्या दुकानात!"

"हासू दे."

"गिऱ्हाईक पळते ना."

"पळू दे."

त्यानंतर कुणी विचारलंच, तर जैनबबी डाव्या हाताचा अंगठा त्याच्या पाठीकडे करी. "हा काय माहा चुडा. दोन मणाचा. वाढवला तरी वाढत नाही, फुटत नाही." बायका हसत. ती हसली की खोकला येई, कारण शेकानं छातीसुद्धा कोरडी पडली होती. रौशन पाणी देई. वाहिदभाई मागे वळून पाहत नसे, पण खोकला थांबेपर्यंत त्याचे खांदे ताठ असत.

असे तीन हिवाळे गेले. पाऊस असो, ऊन असो, त्यानं एक बाजार चुकवला नाही. आजार पुन्हा छातीत उतरला. १९६४ च्या पोळ्याआधी ती घरीच वारली, दुपारी, हात त्या ट्यूबमध्ये अडकवलेला असताना. वाहिदभाईनं तो सोडवला आणि किती तरी वेळ मांडीवर घेऊन बसला.

चाळीस दिवसांनी रौशननं पुन्हा पाट मांडला. मी शाळेतून येताना थांबलो. रस्त्याकडची जागा रिकामी होती.

"वाहिदभाई नाही आले?" मी विचारलं.

रौशन माळेतली गाठ सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

"आता कायले येतीन, मास्तर? कोणाले दाखवाचं?"