काकूंच्या गळ्यातली चूक

समोरच्या गॅलरीत मालतीकाकू कपडे वाळत घालत होत्या. पिळलेली साडी झटकताना त्यांनी जी सुरावट गुणगुणली ती ऐकून मी पियानोपाशी थिजलोच. ती माझी होती.

पन्नाशी उलटल्यावर पियानोच्या तिसऱ्या ग्रेडची परीक्षा द्यायला निघालेला मी, तीन महिने 'तळ्यावरचं धुकं' नावाची एकच संथ रचना घोटत होतो. धुकं विरतं त्या जागी माझं बोट दरवेळी शेजारच्या पट्टीवर पडायचं. काकू ती चूकसुद्धा इमानेइतबारे गात होत्या आणि खरं सांगतो, त्यांच्या गळ्यात ती गोड वाटत होती. रोजच्या सरावाने माणूस काय काय पक्कं करून ठेवतो! माझी सही, बायकोशी भांडायची माझी तऱ्हा, यातही मूळ कुठलं आणि चुकलेलं कुठलं, ते आता कोण सांगणार?

परीक्षा परवावर आली होती. मी हट्टाने पुन्हा वाजवायला बसलो आणि पहिल्यांदाच बोट नेमक्या पट्टीवर पडलं. डोळे मिटून मी शेवटचा सूर सावकाश विरू दिला.

गॅलरीतून काकूंचा काळजीचा आवाज आला, "अहो, आज चुकलात! परवा परीक्षेत असं नका हं करू."