हसू नका म्हणणारा फोटोवाला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं दुकान आहे, त्या फोटोवाल्याने आयुष्यभर माणसांना एकच गोष्ट सांगितली, "मान सरळ, इकडे बघा, हसू नका." पासपोर्ट, ओळखपत्रं, परीक्षेचे अर्ज. गिऱ्हाईक हसलं की फोटो परत आलाच.

म्हणून तिकीट काढून बघायच्या जवळच्या जुन्या ऐतिहासिक घरातली गाइडबाई, साठी उलटलेली, "भाऊ, माझं लग्न आहे, फोटो तुम्ही काढायचे," म्हणाली तेव्हा त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"ताई, मला लग्नाचं जमत नाही हो."

"मला तरी कुठे सवय राहिलीय? त्याच घरात करतोय, घरचीच चार टाळकी. मुलगा रागावलाय, पण येईन म्हणालाय. आमचा तिघांचा एक फोटो मिळू दे. बाकीचे बिघडले तरी चालतील."

नवरदेव म्हणजे त्या घरातली घड्याळं दुरुस्त करणारा विधुर.

"आता जरा हसवायला शिका," फोटोवाल्याची बायको म्हणाली. "ती माणसं लग्न करतायत, व्हिसा नाही काढत!"

लग्नाच्या दिवशी दिवाणखान्यातल्या खुर्च्यांभोवतीची दोरी काढली होती, तरी नवरीला त्यांवर बसवेना. रजिस्टरवर सही करून ती आधी फोटोवाल्याला म्हणाली, "फ्लॅश नको हं, चित्रं खराब होतात." मुलगा दाराशी उभा होता. खांद्यावरची बॅग त्याने उतरवलीच नव्हती.

"जा रे," त्याच्या मावशीने त्याला ढकललं. "फोटो आहे, इंजेक्शन नाही."

तो आईच्या शेजारी येऊन दगडासारखा उभा राहिला. आई घाबरून उगाचच हसत होती, नवरदेव सारखी मान इकडेतिकडे वळवत होता. फोटोवाल्याला घाम फुटला आणि तोंडातून नेहमीचंच बाहेर पडलं.

"ताई, हसू नका. साहेब, मान सरळ. अहो, या दादांकडे बघा जरा! चेहरा असा हवा. एका फटक्यात पास होईल."

मावशी फिसकन हसली.

"पासपोर्टला चालेल?" मुलाने ओठ दाबून विचारलं.

"दहा वर्षं चालेल," फोटोवाला मनापासून म्हणाला.

"दहा वर्षं नको रे बाबा," आई म्हणाली, "तेवढा वेळ नाही माझ्याकडे."

मुलाने तिच्याकडे पाहिलं. मग बॅग खांद्यावरून उतरवून शेजारच्या खुर्चीवर टेकवली.

"खुर्चीवर नको!" नवरी गाइडच्या आवाजात ओरडली.

आता तोही हसला. बॅग कुठे ठेवावी ते न कळून त्याने ती नवरदेवाच्या हातात दिली आणि आईच्या खांद्यावर हात टाकला.

फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं.

"सगळ्यांच्या माना वाकड्या आल्यात," घरी बायको फोटो बघत म्हणाली. "आणि नवरदेव बॅग घेऊन कुठे निघालाय?"

"असू दे," तो म्हणाला आणि दुकानाच्या काचेत, गंभीर चेहऱ्यांच्या रांगेत मधोमध, त्याने एक जागा मोकळी केली.