साडूची पिकअप

शटरवाल्याला दुसऱ्याचं बरं झालेलं सोसत नसे, आणि त्यातही साडूचं तर मुळीच नाही. तसा माणूस कामाला पक्का. दुकानाचं लोखंडी शटर अडकलं, स्प्रिंग तुटली, पट्टी वाकली की सगळा बाजार यालाच हाक मारायचा. पण स्वभाव, अरे देवा! शेजाऱ्याने नवी चप्पल घेतली तरी याचं पोट दुखायचं.

साडू म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा, रंगारी. हसतमुख, गोडबोल्या. त्याने घराला गॅलरी काढली तेव्हा शटरवाल्याला कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही. रंगाऱ्याचे केस अजून काळेभोर, याच्या डोक्याचं मात्र पार मैदान झालेलं. त्यावर याचं उत्तर तयार असायचं, "रंगवत असेल मेला! धंदाच आहे त्याचा."

शटराचे लांब पाइप शटरवाला स्कूटरला आडवे बांधून न्यायचा. गल्लीतून निघाला की समोरची माणसं भिंतीला चिकटायची आणि जाता जाता चार शब्द ऐकवायची. एकदा पाइप खांबाला अडकला आणि हा स्कूटरसकट आडवा झाला, तेव्हापासून उजवा खांदा धड वर जात नव्हता. त्याला एक जुनी पिकअप हवी होती. किती वर्षं हवी होती! पैसेही साठले होते. पण गाडी बघायला गेला की नावं ठेवूनच परत यायचा.

अशात एके दिवशी रंगारी दारात उभा.

"दादा, जुनी पिकअप घ्यायची म्हणतोय. शिड्या, डबे, फळ्या, दर वेळी भाड्याचा टेम्पो परवडत नाही. तुम्हाला इंजिनातलं कळतं. येता का बघायला?"

शटरवाल्याच्या अंगाची आग आग झाली. माझ्या आधी? हा? याला इंजिन कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत आहे का?

"जा की हो," त्याची बायको आतून म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण आहे त्यांना?"

पहिली गाडी एका गाड्यांच्या दलालाकडे होती. वरून नवा कोरा रंग, नवरीसारखी नटवलेली. शटरवाला खाली वाकला आणि त्याला आतून उकळ्या फुटल्या. पत्रा गंजून चाळण झालेला, इंजिनातून तेल ठिबकतंय, मागच्या तळाला ठिगळं. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "झकास! डोळे झाकून घे."

रंगाऱ्याने कान खाजवला. "अजून एक बघू या ना, दादा."

दुसरी होती रोपं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. रंग उडालेला, दाराला पोचा, मागे माती आणि सुकलेली पानं. शटरवाला चाक धरून बसला, किल्ली फिरवली, आणि गाडी एका दमात सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. क्लच लोण्यासारखा. त्याने खाली वाकून पाहिलं तर खालची फ्रेम कोरडी ठणठणीत. त्याचा जीवच अडकला तिच्यात. हीच ती! आपले पाइप तिच्यात सरळ झोपलेले त्याला दिसायला लागले. आणि ही या रंगाऱ्याच्या डब्यांखाली जाणार? मुळीच नाही! आज याला परत न्यायचं आणि उद्या सकाळी आपण एकट्याने यायचं.

मग त्याने तोंड सोडलं. इंजिन खलास आहे, गिअर अडकतात, ब्रेकला दम नाही, फुकट दिली तरी घेऊ नये. म्हातारा बिचारा पांढराफटक पडला.

एक दोष मात्र खरा होता. मागच्या उजव्या टायरला, आतल्या बाजूने, लांब चीर होती आणि तिथे फुगा आला होता. शटरवाल्याने तो पाहिला आणि तेवढाच गिळून टाकला. उद्या भाव पाडायला उपयोगी पडेल म्हणून.

"एवढी वाईट असेल तर कमी करतो बाबा," म्हातारा म्हणाला. रंगाऱ्याने लगेच खिशातून विसार काढून त्याच्या हातावर ठेवला.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं? मी एवढं घसा फोडून सांगतोय!"

"म्हणून तर घेतली, दादा!" रंगारी खुशीत बोलून गेला. "ताईंनी सांगूनच ठेवलं होतं. हे जिला नावं ठेवतील ती घ्या, आणि जिचं कौतुक करतील तिच्याकडे ढुंकूनही बघू नका."

शटरवाला घरी आला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू सांगितलंस त्याला असं?"

"खोटं निघालं का?" तिने मानही वर केली नाही.

रंगाऱ्याचा हेवा तर वाटतच होता, पण आपला हेवा घरात सगळ्यांना पाठ आहे, त्यावर लोक हिशोब बांधून खरेदी करतात, हे फार झोंबलं. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी दारात हॉर्न वाजला. रंगारी बाकीचे पैसे चुकते करून गाडी धुऊनपुसून घेऊन आला होता, शेजारी धाकटी. सासूबाईंच्या गावाला जाऊन गाडी दाखवून यायची, मोठ्या रस्त्याने तासाभराची वाट. थोरली हौसेने चढली आणि बहिणीला सरकवून खिडकीशी बसली. शटरवाला उंबऱ्यातच थांबला. नजर गेली ती सरळ मागच्या उजव्या टायरवर.

फुटू दे, त्याच्या मनात आलं. भर रस्त्यात फुटू दे. बघू दे सगळ्यांना.

तेवढ्यात बायकोने खिडकीतून कोपर बाहेर काढलं आणि धाकटीच्या कसल्याशा बोलण्यावर खळखळून हसली. तो उंबऱ्यावरून खाली उतरला.

"थांब रे! मागचा उजवा टायर गेलाय."

आत हशा पिकला. "बघा ताई, दादांना अजून गाडी पसंत आहे!" म्हणत रंगाऱ्याने गाडी सुरू केली.

शटरवाला धावत पुढे गेला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "उतर म्हणतो ना! घाल माझ्या अंगावर, मग जा!"

रंगारी उतरला, तोंडावर हसू तसंच. शटरवाल्याने त्याला मनगटाला धरून मागे नेलं, चाकाशी बसवलं आणि त्याचं बोट त्या चिरेत घातलं. रंगाऱ्याचं हसू मावळलं.

"हे काल होतं, दादा?"

"होतं."

"काल एवढं बोललात. मग हेच कसं नाही बोललात?"

दोघी उतरून मागे येऊन उभ्या होत्या. शटरवाल्याने टायरकडे बघतच सांगितलं, "मला हवी होती गाडी. तू नको म्हणाला असतास तर आज मी घेणार होतो."

थोरलीला वाटत होतं, नवऱ्याचं आतलं-बाहेरचं सगळं आपल्याला कळतं. हे तिला कळलं नव्हतं. तिने बहिणीच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि गाडीपासून चार पावलं मागे सरकली.

रंगाऱ्याने जास्तीचं चाक काढलं, जॅक आणला. "कुठे लावायचा?" त्याने विचारलं. या वेळी 'दादा' अशी हाक मारली नाही.

शटरवाला गाडीखाली शिरला. उजवा खांदा जमिनीला टेकताच कळ आली. वर इंजिन, फ्रेम, सगळं कोरडं, घट्ट, कुठे एक थेंब नाही. तो थोडा वेळ तसाच बघत पडून राहिला.

"चांगली गाडी घेतलीस," तो खालून म्हणाला. "खरंच चांगली आहे."

वर तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.