प्रार्थनेत आहे, नंतर बोलतो

"घरात प्रार्थनेला बसलेले हुते ना तुमी? मग टेम्पो काय आपल्या पायानं करंजीच्या घाटात गेला?"

"घरात हुतो असं मी कुठं म्हनलो? प्रार्थनेत हुतो."

"तेबी तुमी न्हाई म्हनला. तुमच्या फोननं म्हनलं. चारदा."

"फोनचं काय मनावर घेतीस, हेलन. माझा बूट दे."

रविवारची सकाळ. तिसगावच्या चर्चची पहिली घंटा होऊन गेली होती, दुसरीला थोडा अवकाश होता. एलिया एका पायात बूट घालून खाटेवर बसला होता आणि दुसरा बूट हेलनच्या हातात होता. आतल्या खोलीत दया, हेलनची धाकटी बहीण, वेणी घालत होती. आज ती मंडळीसमोर उभी राहून साक्ष देणार होती : ऑपरेशन टेबलावर मी पडले होते आणि माझ्या दाजींच्या प्रार्थनेनं मला उठवलं. देवाच्या घरात, सगळ्यांदेखत. ही साक्ष खोटी तर नाही ना, एवढंच हेलनला घंटेआधी कळायला हवं होतं.

संशय हा हेलनचा माहेरचा आहेर. तिचा बाप श्रीगोंद्याकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. उसाची गाडी आली की तो म्हणायचा, "आधी रिकामी गाडी किती भरती ते इचार, मग उसाचं बोल." हेलननं हे वाक्य मंगळसूत्रासारखं जपलं. शाळेत ती पोषण आहार शिजवायची, तर तांदळाचं पोतं आलं की आधी पोत्याच्या तोंडाची शिवण बघायची. बाजारात मेथीची जुडी घेतली की आतली काडी उपसून वास घ्यायची. दगडाबाई भाजीवाली तिला लांबून बघितलं की म्हणायची, "आली बया, आता माझ्या कोथिंबिरीला शपथ घ्यायला लावती." आणि त्रास हा, की बहुतेक वेळा हेलनचंच खरं निघायचं.

बुधवारी दयाला नगरच्या दवाखान्यात आत नेलं, तेव्हा तिसगावात प्रार्थनेची साखळी सुरू होती. साखळी म्हणजे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एकेका घरानं आपली पाळी धरायची आणि संपली की पुढच्या घराला फोन करून सोपवायची. पाळीत फोन उचलायचा नाही, दार उघडायचं नाही. चुलीवर दूध उतू गेलं तर जाऊ द्यायचं. नवरा-बायकोची पाळी एकच. दोघं दोन गावांना असली तरी त्याच वेळी दोघांनी एकमनानं मागायचं. ऐन ऑपरेशनची वेळ एलियानं मागून घेतली होती. म्हणजे ती हेलनचीही होती.

दवाखान्याच्या बाकावरून हेलननं मेसेज टाकला, "आत नेलं." लगेच उत्तर आलं, "मी प्रार्थनेत आहे. देव सोबत आहे. नंतर बोलतो."

हेलनचे डोळे भरून आले. लग्नापासून एलियानं तिला अंगठ्याच्या चित्राशिवाय काही पाठवलं नव्हतं. तिनं पुन्हा लिहिलं, "अजून कोणी बाहेर आलं नाही." उत्तर तेच. मग डोळे पुसून तिनं तिसरा टाकला, "भीती वाटते." तेच. चौथ्यांदा तिनं विचारलं, "वांगी कशी किलो?"

देव सोबत आहे. नंतर बोलतो.

"हनुमंतानं बसवून दिलं ते," एलिया आता सांगत होता. हनुमंताचं मोबाईलचं दुकान स्टँडजवळ. "गाडीवर असलो की 'गाडीवर आहे' जातं आपोआप. बुधवारी म्हनलं बदल बाबा, प्रार्थना लिही. कुनी मधी फोन करून पाळी मोडाय नको."

"आन पाळी सोडून कांदा भरला."

"कांदा आदल्या दिवशीच भरला हुता. नासला असता. घाटात गाडी बाजूला घेतली, चाकाला दगड लावला आन बसल्या जागी मागितलं."

"शेजारची रुपाली नगरला येत हुती, तिनं यष्टीतून बघितलं तुमाला. चाकामागं दगड नव्हता म्हनती."

"रुपाली यष्टीतून माझं चाक बघती?"

"मीच सांगितलं हुतं तिला. घाटात टेम्पो दिसला तर नीट बघ म्हनून."

"कवा सांगितलं?"

"तिथूनच, दवाखान्यातनं. फोन करून," हेलन म्हणाली.

"आन नगरातनं फुडं गेले तुमी, दवाखान्यात डोकावलं न्हाई," तिनं घाईनं पुढं रेटलं.

"आलो असतो तर म्हनली असतीस, प्रार्थना सोडून कसे आले." एलियानं पायातला एकुलता बूटही काढून ठेवला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी घाटात किती वेळ मागितलं, ते मला म्हायती आन त्याला म्हायती. तू इस्वास ठिव न्हाईतर नको ठिऊ. पन पाळी तुझीबी हुती, हेलन. चार मेसेज टाकले, वांग्याचा भाव इचारला, रुपालीला फोन लावला. मग दयासाठी तू कवा मागितलं?"

हेलनच्या हातातला बूट तसाच राहिला. बुधवारचा तो बाक तिला आठवला, हातातला गरम झालेला फोन आठवला. मागितलेलं मात्र काही आठवेना.

पडदा सरकला. पांढरी साडी नेसलेली दया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. टाके अजून ओढत होते, त्यामुळे ती जरा वाकलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मग साक्षीत कुनाचं नाव घिऊ? दाजींचं घिऊ का तुमा दोघांचं?"

दुसरी घंटा सुरू झाली.

हेलननं बूट खाली ठेवला, एलियाच्या पायाशी, नीट जोडीनं. कोनाड्यातलं गीतांचं पुस्तक घेतलं, डोक्यावर पदर ओढला आणि दोघांपैकी कुणाकडंही न बघता ती दाराबाहेर पडली.