वेसाव्याचा वाकस

रविवारी सकाळी मी मुलुंडच्या घरातून रिकामी पिशवी घेऊन निघालो की आमची सौ. दारात आडवी यायची. "आज काय येणार? गंजकं की मोडकं?" हा सुधाचा ठरलेला प्रश्न. तिचंही बरोबरच होतं म्हणा. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, त्यात कॉटखाली माझ्या जुन्या करवती, कपाटावर गिरमिटं आणि देवघराखालच्या फळीवर नट आवळायचे पाने. कचेरीत दिवसभर फायली चाळणाऱ्या माणसाला सुताराच्या हत्यारांचं एवढं वेड का, ते मलाही कधी सांगता आलं नाही. जुनं हत्यार हातात घेतलं की बरं वाटायचं, बस्स.

ही गोष्ट एकाहत्तर-बाहत्तर सालची. त्या रविवारी मी कुर्ल्याच्या भंगारबाजारात होतो. पत्र्याच्या शेडींत मोटारींचे सांगाडे, पंख्यांची पाती आणि तेलकट चिखल. त्या सगळ्यातून वाट काढत मी करीमभाईंच्या दुकानाशी पोचलो. माझी खोड त्यांना ठाऊक होती.

"आओ साहेब! तुमच्यासाठीच बाजूला ठेवली," म्हणत त्यांनी एक सागवानी पेटी पुढे सरकवली.

झाकण उघडलं आणि मी चक्क खाली बसलो. दोन रंधे, पाच पटाश्या, छोटी करवत, लाकडी मोगरी. प्रत्येकासाठी पेटीच्या तळाला मापाची खाच कोरलेली. फक्त एक खाच रिकामी होती, लांबट आणि टोकाला वाकडी. ती वाकसाची (लाकूड तासायचं वाकड्या पात्याचं हत्यार).

"वाकस कुठाय?"

"तो आलाच नाही. वेसाव्याचा माल आहे. म्हातारा होड्या बांधायचा. साहेब, पेटी उचलली तर झाकणावरचा हात काढीना तो!"

त्या क्षणी हे बोलणं माझ्या कानावरून गेलं. माझ्या डोक्यात फक्त ती रिकामी खाच बसली होती. घरी आल्यावर सुधाने पेटीभोवती एक चक्कर मारली आणि मोगरी उचलली. "ही मला हवी. गुळाची ढेप फोडायला बरी आहे." मी कुरकुरलो, पण मोगरी स्वयंपाकघरात गेली ती गेलीच.

पुढच्या रविवारी अंधेरीहून वेसाव्याची बस धरली. एक थांबा आधीच उतरण्याचा शहाणपणा केला आणि खाडीकाठच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात, एक पायात, अशा थाटात मी कोळीवाड्यात शिरलो. वलांडींवर (मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवांवर) बोंबील टांगलेले, किनाऱ्यावर होड्या कलंडून पडलेल्या. होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याचं घर विचारलं तर एका बाईने टोपली न उतरवताच हनुवटीने दाखवलं.

हिराजीबाबा ओट्यावर बसले होते. रुंद छाती, दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा.

"कोन रं?"

"मुलुंडहून आलोय, बाबा. तुमची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "डोले गेले. होरी (होडी) बांधायची बंद झाली. जावयाने पेटी भंगारात दिली. वाकस उशाखाली व्हता, म्हनून ऱ्हायला."

माझं आतलं मन लगेच वाकसाकडे धावलं. लाज वाटते सांगायला, पण धावलं. मी विचारलंच, "तो द्याल का मला? सगळी हत्यारं एकत्र राहतील."

"समदी हायत तुझ्याकडं?"

"आहेत."

"मंग खंडेनवमीला घेऊन ये. एक डाव समदी एका पाटावर बसू दे. मंग वाकस बी ने. मना काय करायचाय?"

त्यांच्या मुलीने, पारूताईने, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी (जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी) पुढे ठेवली. "खा ना दादा, लाजतोस काय!" मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आमचं घर शाकाहारी, तिथे जवळ्याचं अवाक्षर काढलं नाही.

खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतात, हे कोणाही मराठी माणसाला सांगायला नको. मी तर महिनाभर आधीच कंबर कसली. पात्यांचा गंज काढला, लाकूड पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं. मोठ्या रंध्याच्या अंगावर एक खळगा पडला होता. ती मोडतोड समजून मी सरसात भुसा कालवून तो भरला आणि वर व्हार्निशचे दोन हात मारले. हत्यारं अशी झकास चमकू लागली की मीच स्वतःची पाठ थोपटून घेतली. मोगरी तेवढी राहिली. निघायच्या सकाळी सुधाने गूळ झटकून ती पिशवीत टाकली आणि बजावलं, "संध्याकाळी परत हवी."

वेसाव्याला पारूताईने पाट मांडून ठेवला होता. झेंडूची फुलं, हळदकुंकू सगळं तयार. पाटावर एकटा वाकस. हिराजीबाबा धुतलेला सदरा घालून बसले होते. मी मोठा रंधा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो चाचपला. अंगठा पुढे सरकवला, मागे घेतला, पुन्हा सरकवला. मग रंधा खाली ठेवला.

"ह्यो माजा नाय."

"अहो बाबा, तुमच्याच पेटीतला!"

"चाळीस वर्सं हाताळला मी. माज्या अंगठ्याची जागा हाय त्याच्यावर. आंधल्याला फसवतोस?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. तो खळगा! मी ज्याला मोडतोड समजलो होतो, ती चाळीस वर्षांची या माणसाच्या अंगठ्याची जागा होती, आणि मी ती भुशाने बुजवून वर चकाकी चढवली होती. पटाश्या दिल्या, करवत दिली. प्रत्येकीला हात लावून ते मान हलवत होते. पारूताई माझ्याकडे बघेना. खरं सांगतो, तिथून पळून जावंसं वाटलं.

शेवटी पिशवीच्या तळाशी राहिलेली मोगरी काढली. तिची मूठ हातात येताच म्हातारा ताठ बसला. दोन्ही हातांनी तिला कवटाळून त्यांनी ती नाकाशी नेली.

"हीच ती! पन हिला गुलाचा वास कसा रं?"

मग मी सगळं सांगितलं. सुधाची ढेप, माझा पॉलिश पेपर, भरलेला खळगा. हिराजीबाबा ऐकून घेत होते. नंतर हळूच म्हणाले, "तुजी बायको शानी हाय. तिनं वापरली."

पूजा झाली. वाकसाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. निघताना ते एवढंच म्हणाले, "मोगरी ऱ्हाऊ दे. बाकीचं ने. पन कपाटात ठेवू नको."

एक खाच भरायला गेलो होतो आणि दोन रिकाम्या घेऊन आलो. सुधाने दारातच विचारलं, "माझी मोगरी?" सगळं ऐकल्यावर तिने पेटीशी बसून मोगरीच्या रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आता गूळ फोडायला दुसरी तुम्हीच करून द्या."

आयुष्यात खिळा सरळ न ठोकलेला मी बाभळीचा ओंडका घेऊन बसलो. तळहाताला फोड आले, शेजाऱ्यांची करमणूक झाली आणि मोगरी झाली ती एका बाजूला तिरकी. मग घरातला पाट, खिडकीची फळी, शेजाऱ्यांचं स्टूल. रविवार भंगारबाजाराऐवजी गॅलरीत जाऊ लागले. पुढच्या पावसाळ्यात हवा ओली झाली, सरस सुटला, आणि एका सकाळी रंधा मारताना भुशाची ती खपली निखळून माझ्या मांडीवर पडली. खालून खळगा जसाच्या तसा वर आला. मी त्यात अंगठा ठेवून पाहिला. सैल बसला. म्हाताऱ्याचा अंगठा मोठा होता.

खंडेनवमीची वाट पाहिली आणि रजा टाकून पेटीसकट वेसाव्याला गेलो. हिराजीबाबा आता अंथरुणावरच होते. मी रंधा त्यांच्या हाताखाली सरकवला. अंगठा चाचपडत पुढे आला आणि जागेवर जाऊन थांबला.

"कुठं व्हतास रं इतके दिवस?" ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, रंध्याशी.

पारूताईने पदर डोळ्यांना लावला. माझंही काही वेगळं नव्हतं. म्हातारा रंधा छातीवर ठेवून तसाच झोपी गेला. तो परत मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

मुलुंडच्या घरात माझी हत्यारं आता पुष्कळ झाली आहेत. कोणी पाहायला आलं की मी आधी ती सागवानी पेटीच उघडतो. तिच्यात तीन खाचा रिकाम्या आहेत.