माफीचे दिवस

मुलांनो, तुम्ही पाठवलेले फोटो पोहोचले. तिकडच्या एका जुन्या तुरुंगाचं म्युझियम केलं आहे आणि लोक तिकीट काढून आत जातात, हे वाचून मी फोटो पुन्हा एकदा पाहिले. धाकटी गजांमागे उभी राहून हसते आहे, तिच्या मागे मेणाचा कैदी बसवला आहे. भिंतीवरच्या पाट्या मी भिंग लावून वाचल्या. जेवायला काय मिळे, बेड्या कशा असत, फटके कोण मारी, सगळं नीट लिहिलं आहे. तुम्ही विचारलंत, आजी, तू लहानपणी तुरुंगासमोर राहायचीस ना, तिथं असंच होतं का? हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

माझे वडील सोलापूरच्या तुरुंगात डेप्युटी जेलर होते. आमचं घर मोठ्या दरवाजासमोर, रस्त्यापलीकडे. त्या दरवाजाला एक लहान दिंडी होती. माणूस वाकूनच तिच्यातून आत जाई आणि वाकूनच बाहेर येई. मी तेव्हा इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत होते. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ओट्यावर बसून शब्दार्थ पाठ करायचे आणि मधूनमधून त्या दिंडीकडे बघायचे.

वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, लहानपणीच विधवा झाली होती. ती आमच्याकडेच राही. बायकांच्या बराकीवर मेट्रनची जागा रिकामी झाली, तेव्हा वडिलांनी तिला तिथं लावून घेतलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. आत्या म्हणे, "कोंडून राहायची सवय मला आहेच. आता किल्ली माझ्याकडे, एवढाच फरक." संध्याकाळी ती घरी येई, आंघोळ करी आणि भाकऱ्या थापता थापता आईला बराकीतल्या गोष्टी सांगे. मी चुलीशी बसून ऐकत असे. पुढचं बरंचसं मला असंच कळलं आहे.

आत बायकांना गावाच्या नावानं हाक मारत. कुणी वळसंगची, कुणी अक्कलकोटची. त्यांच्यात एक केमची होती. नवरा वारल्यावर दिरानं तिला आणि तिच्या लहान मुलीला घराबाहेर काढलं. तिनं मुलीला भावाकडे नेऊन ठेवलं, परत आली आणि दिराची कडब्याची गंजी पेटवून दिली. गंजीला लागून गोठा होता. त्यात एक बैल भाजून मेला. कोर्टात तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गंजी मीच पेटवली. बैलाचं मला माहीत न्हवतं." बैलासाठी ती पुढेही रडत असे, दिरासाठी कधी नाही.

तिची शिक्षा संपत आली, तेव्हा मुलगी लग्नाची झाली होती. भावानं स्थळ पाहिलं होतं. तिच्या जातीत तुरुंगातून आलेल्या माणसाला परत घेण्याची एक रीत होती. जातीच्या पंचांनी तुरुंगाच्या दारात यायचं, माणूस दिंडीतून बाहेर पडताना डोळ्यांनी बघायचं, तिथूनच बरोबर नेऊन नदीवर आंघोळ घालायची आणि मग जातीला जेवण द्यायचं. एवढं झालं की मागचं कुणी बोलायचं नाही. बाईच्या बाबतीत तर ते डोळ्यांनी बघणंच महत्त्वाचं. भाऊ भेटीला येऊन सुटकेचा दिवस पक्का विचारून गेला होता. पंचही ठरले होते. त्या आंघोळीनंतर मुलीला हळद लागायची होती.

त्या उन्हाळ्यात बराकीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. आजारी बायकांजवळ जायला कुणी तयार नव्हतं. केमची गेली. तिनं त्यांची घाण काढली, तोंडात पाणी घातलं, त्यातल्या दोघी वाचल्या. वडिलांना फार बरं वाटलं. त्यांनी वर शिफारस केली आणि साहेबांनी तिच्या शिक्षेतले काही दिवस माफ केले. वडील घरी आले ते खुशीत. आईला म्हणाले, "आठवडाभर आधी सुटणार बाई. आज एक चांगलं काम झालं."

दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला सांगितलं, तर ती दळता दळता थांबली. म्हणाली, "बाई, ही माफी मला नको. सायबास्नी सांगा, परत घ्या."

आत्याला वाटलं, थट्टा करते आहे. "अगं, लोक माफीसाठी पाया पडतात."

"पडू द्यात. माझी मानसं ठरल्या दिवशी येनार हायत. त्याआदी मी भायेर पडले तर ते दिवस कुटं काडले म्हनून सांगू?"

वडिलांनी वर विचारून पाहिलं. उत्तर आलं की शिक्षा संपल्यावर कैद्याला एक दिवसही आत ठेवता येत नाही. भावाला आधी या म्हणून कार्ड टाकलं. पण त्याची वस्ती केम स्टेशनापासून लांब, तिथं टपाल बाजाराच्या दिवशीच जाई. कार्ड त्याला वेळेत मिळालं नाही.

मग केमचीनं आपल्या परीनं उपाय काढला. आत जो नियम मोडेल त्याची माफी कापली जाते, हे तिला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत तिच्या नावावर एकही गुन्हा नव्हता. आता तिनं जात्याचा खुंटा उपटून फेकला. पाण्याचा माठ फोडला. शेवटी भरल्या पंगतीत भाकरीचं ताट आत्याच्या अंगावर भिरकावलं.

आत्यानं खुंटा परत ठोकून घेतला. माठ मांजरानं पाडला म्हणून सांगितलं. ताटाचं तर तिनं वडिलांना कळूच दिलं नाही. साडीवरचं कालवण धुता धुता ती आईला म्हणाली, "सुटायच्या आधी माणसाचं डोकं असंच फिरतं, वहिनी. जाता जाता कशाला तिच्या नावावर डाग? एवढं केलंय तिनं त्या दोघींसाठी."

आई म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मीही हेच झाकलं असतं."

सुटकेच्या सकाळी केमची दिंडीतून वाकून बाहेर आली, ते मी पाहिलं. हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं. बाहेर येऊन तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. दिंडी बंद झाली तरी तशीच. आत्यानं तिला हाताला धरून आमच्या घरी आणलं.

ते दिवस ती आमच्या ओट्यावर राहिली. आईनं आत बोलावलं तर उंबऱ्याच्या आत आली नाही. पदर पुढे ओढून, तुरुंगाकडे तोंड करून बसायची. आईनं दिलेलं धान्य निवडायची, फाटके कपडे शिवायची. मला एकदा म्हणाली, "काय वाचती?" मी म्हटलं, "इंग्रजी." ती म्हणाली, "वाच. माज्या पोरीला पाटीसुदिक न्हाय मिळाली. पर घर चांगलं मिळालंय, जिरायत जमीन हाय त्यांची."

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आत्या वडिलांसमोर उभी राहिली. असं ती सहसा करत नसे.

"दादा, उद्या सकाळी तिला थोडा वेळ आत घ्या. पंच आले की दिंडीतून बाहेर येईल. कुणाचं काही बिघडत नाही."

वडिलांनी चष्मा काढला. "आत यायला वॉरंट लागतं, बाहेर जायला हुकूम लागतो. मधल्यामधे माणूस ठेवायची सोय सरकारनं केलेली नाही."

"दाराच्या कमानीखाली तर उभी राहील."

"ती कमानही तुरुंगच आहे. उद्या दुसरा कुणी म्हणेल, मलाही थोडा वेळ बाहेर सोडा. त्याला काय सांगू?"

केमची ओट्यावर होती, तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. मीच सांगते त्यास्नी."

पण तिच्या आधी दरवाजावरच्या शिपायानं सांगितलं. सकाळच्या गाडीनं तिघं आले आणि दरवाजासमोरच्या लिंबाखाली बसले. पांढऱ्या पटक्याचा एक म्हातारा, एक जाडसर माणूस आणि तिचा भाऊ. भावाच्या काखेत कोरं लुगडं होतं, हातात नारळ. शिपायानं विचारलं, "कुनाची वाट बगताय?" भावानं सांगितलं. शिपाई हसला. "ती व्हय? ती मागच्या आठवड्यातच गेली की. तुमी आता आलाय वरात घेऊन."

केमची ओट्यावरून उतरली आणि रस्ता ओलांडून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. भावानं तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे पाहिलं.

"आक्का, तुला आत थांबता आलं न्हाय व्हय?"

"लई थांबले असते. ठेवून घेतलं न्हाय."

वडील गणवेश घालून निघतच होते. ते तिथं गेले. मीही ओट्याच्या कडेला आले. वडिलांनी माफीची सगळी हकीकत सांगितली. पटकीचं सांगितलं. म्हणाले, "ती माझ्या घरी होती. माझी बायको, बहीण, मुलगी घरात आहेत. मी स्वतः सांगतो ना."

म्हाताऱ्यानं हात जोडले. "सायेब, तुमचा शबूद आमी खोटा म्हनत न्हाय. पर सायबाच्या घरी व्हती, हे गावात कसं सांगावं? तुमीच सांगा."

सोलापुरात वडिलांच्या एका शब्दावर माणसं उभी राहत, बसत. त्या लिंबाखाली तो शब्द कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

जाडसर माणूस म्हणाला, "दारातनं येताना बगितली असती तर सवालच न्हवता. आता हे मधले दिस कुनाचे धरायचे?"

"पोरीचं कुटवर आलंय?" केमचीनं भावाला विचारलं.

"सुपारी फुटलीया. त्यांचं म्हननं एवढंच हाय, आई रीतीपरमानं घरात आलेली पायजे."

"आन् न्हायच आली तर?"

म्हातारा सावकाश बोलला, "तुरुंगातली आई चालंल त्यास्नी. ते म्हाईत असूनच सोयरीक केलीया. सुटून कुटंतरी ऱ्हायलेली आई चालायची न्हाय."

केमची म्हणाली, "मग मी आतच हाय म्हना."

भाऊ म्हणाला, "आक्का, काय बोलतीस?"

"म्हना, सजा वाढली. कायबाय केलं आत तिनं, वाढवली सरकारनं. खोटं बी न्हाय. कायबाय केलंच हाय मी." तिनं आत्याकडे पाहिलं नाही. आत्या ओट्याच्या खांबाला धरून उभी होती.

म्हाताऱ्यानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मला आठवतं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमी आलो, सजा वाढली म्हनून कळलं, परत गेलो. तिघांच्या तोंडातनं चौथी गोष्ट निगायची न्हाय. पर बाई, एकदा सांगितलं की मग तुला येता यायचं न्हाय."

"कळतंय मला."

भाऊ लुगडं तिच्या हातात द्यायला लागला. तिनं घेतलं नाही. "पोरीला नेसव. मामानं घेतलं म्हन." तो नारळ मात्र त्यानं झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि तिघंही स्टेशनच्या रस्त्याला लागले. ती वळणापर्यंत बघत राहिली.

आत्यानं ओळखीपाळखीनं तिला एका गिरणीत रीळ खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला लावून दिलं. चाळीत शेजारी तेलुगू बोलणारी विणकरांची घरं होती. तिला त्यांची भाषा येत नव्हती आणि कुणी तिला गाव विचारत नव्हतं. आत्या अधूनमधून जाई. त्या ताटाबद्दल दोघी कधी बोलल्या की नाही, मला माहीत नाही. पण त्यानंतर आत्या घरी बराकीतल्या गोष्टी सांगेनाशी झाली.

आमची बदली होण्याच्या आधीची गोष्ट. मी शाळेतून येत होते. दरवाजासमोर एक तरुण जोडपं उभं होतं. मुलीनं शिपायाला काही विचारलं, शिपायानं आत्याला बोलावलं. आत्या दिंडीतून बाहेर आली.

"माजी आई हितं हाय, केमची. भेट मिळंल का?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. शेवटी म्हणाली, "आज भेट नाही."

"मग कदी?"

"सध्या नाही मिळायची."

नवरा म्हणाला, "मी सांगितलं व्हतं की नाय, सरकारी काम असंच असतंय. चल."

ती हलली नाही. "बरी हाय का तेवढं तरी सांगा."

"बरी आहे. कामाला चांगली आहे."

"मग हे तेवढं द्या तिला." नवऱ्यानं काखेतलं फडक्यात बांधलेलं गाठोडं तिच्या हातात दिलं. आत्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

संध्याकाळी आत्या मला बरोबर घेऊन चाळीत गेली. केमची नुकतीच कामावरून आली होती, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. आत्यानं गाठोडं पुढे ठेवलं आणि कुणी आणलं ते सांगितलं. तिनं लगेच सोडलं नाही. फडक्यावरून हात फिरवत राहिली.

"अंगानं कशी हाय?"

"भरली आहे."

"बांगड्या हायत हातात?"

"हिरव्यागार. कोपरापर्यंत."

"आन् त्यो? तापट वाटतोय?"

आत्या म्हणाली, "सगळा रस्ता ओझं त्यानंच आणलं असावं. शेवटी दाराशी तिच्या हातात दिलं."

तेव्हा तिनं गाठ सोडली. ज्वारीच्या भाकऱ्या होत्या आणि शेंगांची चटणी. तिनं एक भाकरी मोडून अर्धी आम्हा दोघींच्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खायला बसली.